बारा गुंठ्यांचं आगर, सात नावांचा सातबारा आणि वादळाची मदत

प्रश्न गुहागर तालुक्यातला आहे. विचारणारे नोकरीसाठी ठाण्याला, आई गावी एकटी. बारा गुंठ्यांचं आगर, त्यात १६५ पोफळी (सुपारीची झाडं), ११ माड (नारळाची), मधे जायफळ आणि मिरवेली. पावसाच्या तोंडावर वादळी वारा आला, त्यात ४५ पोफळी आणि ३ माड आडवे झाले. पंचनामा झाला, फोटो काढले, आईची सही घेतली. त्याला आठ महिने होऊन गेले, खात्यात काही आलं नाही. शेजारच्या आगराला मात्र पैसे आले. सातबारावर सात नावं आहेत, त्यातली तीन माणसं आता हयात नाहीत. पैसे कुठे अडले, आले तर किती येतील, आणि एवढ्या नुकसानीला मदत इतकी तोकडी का, असं त्यांनी विचारलंय.

मी कृषी खात्यात एकतीस वर्षं काढली, रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतच. २००९ चं फयान, २०२० चं निसर्ग, २०२१ चं तौक्ते, तिन्ही वादळांनंतर वाड्यांतून आणि आगरांतून फिरून पंचनामे केलेत. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी आकड्याचं बोलू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. गावात सगळे ‘नुकसानभरपाई’ म्हणतात. सरकारी कागदावर तो शब्द बहुतेक वेळा नसतो. तिथे असतं ‘निविष्ठा अनुदान’. म्हणजे पुढच्या हंगामाचं बी-खत घ्यायला हातभार. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ते मिळतं, त्या निधीत ७५ टक्के केंद्राचे आणि २५ टक्के राज्याचे असतात, आणि दर केंद्र ठरवून देतं. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेले दर असे: जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००, आणि तेही दोन हेक्टरपर्यंत. राज्य सरकार एखाद्या आपत्तीपुरतं हे वाढवून देतं. निसर्गनंतर फळबागांना हेक्टरी ५०,००० दिले होते, तेव्हा केंद्राचा दर १८,००० होता. पुढे काही हंगामांत बहुवार्षिक पिकांना ३६,००० आणि तीन हेक्टरपर्यंत असाही निर्णय झाला, नंतर पुन्हा २२,५०० वर आणलं. म्हणून कुणी ‘आमच्याकडे अमुक दराने मिळाले’ असं सांगितलं की आधी विचारा, कुठल्या आपत्तीचे? ज्या वादळाचा पंचनामा, त्या वादळाचा शासन निर्णय. दुसऱ्याचा दर आपल्याला लागत नाही.

आता तुमचे बारा गुंठे. म्हणजे बारा आरांहून किंचित जास्त, साधारण ०.१२ हेक्टर. २२,५०० च्या दराने संपूर्ण आगर बाधित धरलं तरी २,७०० रुपयांच्या आसपास बसतात. निसर्गच्या ५०,००० च्या दरानेही सहा हजारच. सात नावांत २,७०० वाटले तर एकेकाच्या वाट्याला चारशेसुद्धा येत नाहीत. तुमचे मुंबईतले चुलतभाऊ तेवढ्यासाठी आधार घेऊन सेवा केंद्रावर येणार नाहीत, हे मी त्यांना दोष देऊन म्हणत नाही. पण तुमचे पैसे बहुधा इथेच अडलेत. त्याकडे पुढे येतो.

त्याआधी ३३ टक्क्यांचा नियम. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मदत. भाताला हे मोजणं सरळ आहे. खाचरात लोंब्या भिजून कोंब फुटले, नुकसान डोळ्यांना दिसतं. आगराचं तसं नाही. १६५ पैकी ४५ पोफळी म्हणजे २७ टक्के. कागदावर तुम्ही बाहेर. शेजारच्याकडे झाडंच कमी असतील आणि तेवढीच पडली असतील, तर तो आत. शेजाऱ्याला मिळाले आणि तुम्हाला नाही, यामागे हेही एक कारण असू शकतं, म्हणून पंचनाम्यावर टक्केवारी काय लिहिली आहे ते आधी बघा.

आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पंचनामा करणाऱ्या तरुण मुलांनाही ती कधी कधी ठाऊक नसते. वादळात पोफळ तीन तऱ्हांनी जाते. एक मुळासकट उपटते. दुसरी कमरेतून मोडते. तिसरी कलते, उभीच असते, शेंडा हिरवा असतो, पण एका बाजूची मुळं तुटलेली असतात. ही तिसरी पंचनाम्यात येत नाही. जवळ जाऊन बुंध्याशी बसलं तर दिसतं, माती एका अंगाला फुगलेली असते, चीर पडलेली असते, त्यात बोट जातं. ती पोफळ पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पिवळी पडते. तुमच्या आगरात अशी चौदा झाडं जरी निघाली, तरी ४५ चे ५९ होतात आणि टक्केवारी ३५ च्या वर जाते. खोटं काही लिहायचं नाही. जे गेलंय ते सगळं मोजायचं, एवढंच. कललेल्या झाडांची संख्या पंचनाम्यात वेगळी लिहून घ्या आणि त्यांच्या बुंध्याचा फोटो घ्या. शेंड्याचा फोटो निरुपयोगी, तो हिरवाच दिसतो.

निसर्गचं वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं. त्यानंतरच्या आठवड्यात मी एका वाडीत गेलो होतो. गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) आत उतरायला वाट नव्हती, पोफळींवर पोफळी पडून जुडी झाली होती. मी, तलाठी आणि ग्रामसेवक, तिघेही झाडांवरून चालत होतो, जमिनीला पाय लागत नव्हता. तलाठ्याच्या हातात तक्ता होता, त्यात रकाना ‘बाधित क्षेत्र, हेक्टर-आर’. घरातली आजी ओटीवर बसून बघत होती. तिने विचारलं, “काय मोजताय?” तलाठी म्हणाला, “आजी, क्षेत्र.” ती म्हणाली, “क्षेत्र कुठं पडलंय रे बाबा? ते आहे तिथंच आहे. झाडं पडलीत, झाडं मोजा.” आम्ही झाडं मोजली. तक्त्यात रकाना नव्हता म्हणून समासात लिहिली. तो समासातला आकडा पुढे कुठल्याच बेरजेत गेला नाही, हे मला अजून सलतं.

हे गाऱ्हाणं इतक्या ठिकाणांहून गेलं की पुढे तौक्तेच्या मदतीत झाडामागे दर आले: माडाला २५०, पोफळीला ५०. रक्कम लहान आहे, पण पद्धत बरोबर आहे, आणि ती का बरोबर आहे हे तुमच्याच आगरावरून दाखवतो. तुमचं सगळं आगर आडवं झालं असतं, तर २२,५०० च्या हेक्टरी दराने २,७००. ५०,००० च्या हेक्टरी दराने सहा हजार. झाडाच्या दराने १६५ पोफळींचे ८,२५० आणि ११ माडांचे २,७५०, मिळून ११,०००. आगरात एकाच जमिनीत पोफळ, माड, जायफळ, मिरी अशी एकावर एक पिकं असतात. आमच्या आजोबा-पणजोबांनी जमीन थोडी म्हणून ती अशी रचली. हेक्टरचा हिशेब त्यातलं एकच पीक बघतो. आंब्याला दहा-दहा मीटरवर कलम, हेक्टरी शंभर झाडं. तिथे ५०,००० चा दर म्हणजे कलमाला ५०० रुपये पडतात. पोफळ अडीच-पावणेतीन मीटरवर, हेक्टरी तेराशेच्या वर. त्याच दरात पोफळीला जास्तीत जास्त ३७-३८ रुपये. दोन्ही कागदावर ‘बहुवार्षिक फळपीक’.

पन्नास रुपयेसुद्धा मला पटत नाहीत. रोप लावल्यापासून सहा-सात वर्षांनी पोफळ धरते, भर यायला आणखी तीन-चार. मग ती चाळीस वर्षं देते. एका झाडाची एका वर्षाची सोललेली सुपारी विकली तरी पन्नासच्या कितीतरी वर जाते. दरात झाडाचं वय धरायला हवं, हे मी नोकरीत असताना प्रत्येक अहवालात लिहिलं आणि आजही तेच म्हणतो. पडलेली झाडं तोडून बाहेर काढायला कटरवाल्याला द्यावी लागणारी मजुरीच कधी कधी मदतीपेक्षा जास्त होते.

आणखी एक नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. पोफळ सावलीतलं झाड. बाजूची झाडं आणि माड गेले की उरलेल्या पोफळींच्या खोडावर दुपारनंतरचं ऊन थेट पडतं. कडक उन्हात दक्षिण-पश्चिमेच्या अंगाला साल आधी पिवळी, मग तपकिरी होते, चिरते, आणि पुढच्या पावसात झाड तिथूनच मोडतं. तुमच्या उभ्या पोफळींच्या खोडांना आत्ताच झावळ्या बांधा किंवा चुना लावा, आणि मोकळ्या जागेत केळी लावून घ्या. सावली महिन्या-दोन महिन्यांत येत नाही, पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत येते.

आता पैसे अडले कुठे. वाट अशी आहे. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांचा एकत्रित पंचनामा (पदांची नावं आता बदललीत, तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात जुनीच चालतात). तिथून तहसीलदार, जिल्हाधिकारी, कोकण विभागीय आयुक्त, मग मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभाग. तिकडून शासन निर्णय निघून निधी येतो. मग तहसीलला शेतकऱ्यांची यादी संगणकावर चढते, प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक पडतो, गावात सगळे त्याला व्हीके नंबर म्हणतात. तो नंबर आणि आधार घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात अंगठा द्यायचा, म्हणजे ई-केवायसी. त्यानंतर पैसे आधार जोडलेल्या खात्यात.

आईला विचारा, व्हीके नंबर मिळाला का. यादी ग्रामपंचायतीत किंवा तलाठी कार्यालयात लावतात. नंबर असेल आणि केवायसी झाली नसेल, तर एका दिवसाचं काम आहे. केवायसी झाली असूनही पैसे दिसत नसतील, तर खातं बघा. आईचं गावच्या बँकेत पासबुक असतं, पण आधार शेवटचं जोडलेलं असतं भलत्याच खात्याला, कधी तुम्हीच ठाण्याला उघडून दिलेल्या. पैसे त्या खात्यात जातात. अनेकांचे पैसे आलेले असतात आणि त्यांना माहीत नसतं. कोणत्या खात्याला आधार जोडलंय ते बँकेत विचारलं की कळतं. आणि बँकेने ते पैसे पीककर्जाला वळते केले असतील तर लेखी हरकत घ्या. मदतीची रक्कम कर्जवसुलीत धरू नये असं शासन निर्णयातच लिहिलेलं असतं, त्याची प्रत सोबत जोडा.

नंबरच नसेल, तर कारण सातबारात आहे, आणि मला वाटतं तुमचं तेच झालंय. यादी सातबारावरच्या नावांनी होते. ज्याच्या हातात शिंपणं आहे, जो आळी करतो, विरी (पोफळीच्या गळलेल्या झावळ्या) गोळा करतो, तो माणूस यादीला दिसत नाही. सात नावं, आणेवारी (कुणाचा वाटा किती ते) लावलेली नाही, तीन मयत. मयताचा आधार चालत नाही, अंगठा येत नाही. २०२५ पासून पंचनाम्याला शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. तो ज्याचा त्याने काढायचा असतो, मयताचा निघतच नाही. उलट शेजारच्याचा सातबारा एकट्याच्या नावावर असेल तर त्याची फाइल तलाठ्याच्या टेबलावरून पहिल्याच दिवशी पुढे जाते.

करायचं ते असं. आधी तीनही मयतांची वारस नोंद. त्यासाठी ठाण्याहून यायची गरज नाही, ई-हक्क प्रणालीवर अर्ज करता येतो, मृत्यूचा दाखला आणि वारसांचं स्वयंघोषणापत्र लागतं. तलाठ्याने नोंद घेतली की पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. वारसांची नावं चढली की नावं सातची अकरा होतील, घाबरू नका. मग सगळ्यांचं एक संमतीपत्र: या आगराची वहिवाट अमुक बाईंची आहे, शासकीय मदत त्यांच्या एकट्याच्या खात्यात जमा करण्यास आमची हरकत नाही. गणपतीला सगळे गावी येतात, तेव्हाच सह्या घ्या. मी किती घरांत पाहिलंय, आरती झाल्यावर ओटीवर कागद फिरवला की पाच मिनिटांत होतं, आणि तेच मुंबईला पोस्टाने पाठवलं की वर्ष जातं. सह्या देताना कुणाला हक्क जाईल अशी भीती वाटली, तर समजावून सांगा की हे संमतीपत्र मदतीपुरतं आहे, मालकीला धक्का लागत नाही. तसं वाक्यच त्यात लिहा.

दुसरं, सातबारावर आगर आहे का ते उघडून बघा. गाव नमुना बारावर, म्हणजे सातबाराच्या पीक नोंदीच्या भागात, कित्येक ठिकाणी अजून ‘भात’ किंवा ‘पड’ लिहिलेलं असतं आणि जागेवर चाळीस वर्षांच्या पोफळी उभ्या. पंचनाम्यात पोफळ, सातबारावर भात, मग वरचा अधिकारी खालचा दर लावतो किंवा प्रकरण परत पाठवतो. ई-पीक पाहणी, म्हणजे ही पिकाची नोंद, २०२१ च्या ऑगस्टपासून शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर करायची आहे. आईला ते जमणार नाही, आगरात रेंजही नसते. गावातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाला धरा. पोफळ, नारळ, जायफळ सगळं मिश्र पीक म्हणून, झाडांच्या संख्येसह नोंदवा. पुढचं वादळ येण्याआधी हे एकच काम केलंत तरी निम्मी अडचण सुटते.

आठ महिन्यांपूर्वीच्या पंचनाम्याचं काय? तहसीलदारांच्या नावे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पंचनाम्याची प्रत माहिती अधिकारात मिळते. त्यात बाधित क्षेत्र, टक्केवारी आणि खातेदाराचं नाव हे तिन्ही तपासा. कललेली झाडं एव्हाना वाळली असतील, त्यांचे आजचे फोटो जोडून फेरपाहणी मागा. मिळेलच असं सांगत नाही, निधी वाटून झाला असेल तर अवघड जातं. पण राहिलेल्या पात्र शेतकऱ्यांसाठी पुरवणी यादी जाते, आणि ज्यांचा अर्ज पोचेसकट टेबलावर असतो त्यांचीच नावं तीत येतात.

तुमच्या प्रश्नात नाही, पण आंब्याच्या बागा असणाऱ्यांसाठी दोन शब्द. बाग कराराने दिलेली असेल आणि तौक्तेसारखं वादळ मे महिन्यात फळ झाडावर असताना आलं, तर मदत सातबारावाल्याला जाते आणि ज्याने फवारणी, राखण, मजुरी सगळा पैसा घातला त्याच्या हाती काही लागत नाही. करार करतानाच मदतीचे आणि विम्याचे पैसे कसे वाटायचे हे लिहून ठेवा. फळपीक विमा ही वेगळी गोष्ट आहे, तो हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरतो, पंचनाम्यावर नाही. दोन्ही मिळू शकतात, एकाचा अर्ज दुसऱ्याला चालत नाही. आणि वानर-रानडुकरांचं नुकसान वनखात्याकडे, तिथे तलाठी काही करू शकत नाही.

पुनर्लागवडीसाठी मदतीच्या पैशांवर थांबू नका. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणासाठी किमान क्षेत्र दहा गुंठे धरलंय, क्षेत्राच्या त्या अटीत तुमचं आगर बसतं, रोजगार हमीतूनही लागवड होते. पण तिथेही सामाईक सातबाराला संमतीपत्र लागतंच, म्हणून वर सांगितलेला कागद दोनदा कामाला येईल. रोपं श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रातून किंवा ओळखीच्या रोपवाटिकेतून घ्या. पडलेल्या झाडांच्या जागी थेट लावू नका, जुना बुंधा कुजू द्या, हातभर सरकून खड्डा घ्या.

आणि या मेमध्ये गावी जाल तेव्हा एक ब्रश आणि चुन्याचा डबा घेऊन आगरात उतरा. पहिल्या पोफळीपासून शेवटच्यापर्यंत खोडावर नंबर टाका, माडांना वेगळे. आईला बरोबर घ्या, कुठलं झाड कधी लावलं ते तिलाच माहीत असेल, तिच्याकडून वर्षं वहीत लिहून घ्या. पुढच्या पंचनाम्याला तलाठी गडग्यावरून आत उतरेल तेव्हा ती वही आईच्या हातात असू दे.